कौन्सिलच्या बड्या साहेबांचा पगार ठरवायचा कोणी?

वाईकर_विलायतेत · मंगळवार, रात्री ९:१२

मंडळी, इथे इंग्लंडात कौन्सिल टॅक्सची, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या कराची, बिलं घरोघरी पडली की पेपरांत दरवर्षी तीच बातमी येते: अमुक कौन्सिलच्या चीफ एक्झिक्युटिव्हला पंतप्रधानांपेक्षा जास्त पगार. टॅक्सपेयर्स अलायन्स नावाचा दबावगट 'टाउन हॉल रिच लिस्ट' काढतो, त्यातून ती उचललेली असते. खाली प्रतिक्रियांत यथेच्छ शिवीगाळ. यंदा म्हटलं, शिव्या देण्याआधी नियम तरी वाचू. वाचले, आणि प्रश्न वाढले. म्हणून हा धागा.

इथलं माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. इंग्लंडमधला कौन्सिलचा चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणजे कामाने साधारण आपला महापालिका आयुक्त. पण त्याला वरचं सरकार पाठवत नाही. निवडून आलेले कौन्सिलर जाहिरात देतात, मुलाखती घेतात, नेमतात आणि पगारही तेच ठरवतात. वार्षिक वाढीची बोलणी देशपातळीवर होतात, मूळ आकडा मात्र ज्या त्या कौन्सिलचा.

२०१० साली कॅमेरन सरकार आलं तेव्हा कपातीचे दिवस होते. पंतप्रधानांचा पगार १,४२,५०० पौंड, आणि त्याच्या वर असलेले कौन्सिलचे अधिकारी पेपरवाले शोधून शोधून छापत होते. स्थानिक संस्थांच्या खात्याचे मंत्री एरिक पिकल्स तर या लोकांवर खार खाऊनच होते. त्याच सुमारास अर्थविषयक लेखक विल हटन यांच्याकडे एक काम दिलं गेलं: सरकारी संस्थेत सगळ्यात वरच्याचा पगार सगळ्यात खालच्याच्या वीसपटीहून जास्त नसावा, असा नियम करता येईल का ते तपासा. मार्च २०११ मध्ये अहवाल आला आणि हटन यांनी वीसपट फेटाळली. कारण वाचण्यासारखं आहे. वीसपटीच्या वर जाणाऱ्या संस्था मुळात फारच थोड्या होत्या. बाकीच्यांना 'आपल्याला अजून बरीच जागा आहे की' असं वाटून उलट त्या आकड्याकडे सरकायला निमित्त मिळालं असतं. त्यापेक्षा प्रत्येक संस्थेने आपली पट दरवर्षी जाहीर करावी, असं त्यांनी सुचवलं.

मग आला लोकॅलिझम ॲक्ट २०११. त्याच्या ३८ ते ४३ या कलमांनुसार प्रत्येक कौन्सिलने दर आर्थिक वर्षासाठी पगाराचं धोरण लिहायचं, ३१ मार्चच्या आत पूर्ण सभेत मंजूर करायचं आणि वेबसाइटवर टाकायचं. बड्या अधिकाऱ्यांचा पगार, बोनस, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, खालच्या पगाराशी असलेलं प्रमाण, सगळं त्यात यायला हवं. शिवाय सरकारी मार्गदर्शन असं की एक लाख पौंडांच्या वरचं नवं पद भरताना पूर्ण सभेला मत देण्याची संधी मिळावी. दीड लाख किंवा त्याहून जास्त पगार असेल तर माणसाचं नावही छापायचं.

म्हणजे कमाल मर्यादा कुठेच नाही. जाहीर करा, मत घ्या, एवढंच. आमच्या कौन्सिलचं धोरण मी वाचलं. मागच्या वर्षीचंच आहे, तारखा बदललेल्या. इतिवृत्तात 'मंजूर' अशी एक ओळ, चर्चा शून्य.

तर हे पुरतं का? की सरळ आकडा बांधून द्यावा? आणि बांधायचा तर कोणी?

कोपऱ्यातला · मंगळवार, रात्री ९:३०

पंतप्रधानापेक्षा जास्त कोणालाच नको. विषय संपला.

नीट_मोजा · मंगळवार, रात्री १०:०५

कोपऱ्यातला, विषय इतक्यात संपत नाही हो. 😀

मी पुण्यात कंपन्यांसाठी वरच्या पदांवरची माणसं शोधून देण्याचं काम करते, त्यामुळे माझी बाजू कुठली ते आधीच सांगून टाकते. पंतप्रधानाच्या पगाराशी तुलना मला कधीच पटलेली नाही. त्याला राहायला डाउनिंग स्ट्रीटवर घर, शिवाय गावाबाहेर एक मोठा बंगला, आणि पद गेल्यावर एकेका भाषणाला मिळणारे पैसे वेगळेच. पंतप्रधान कोणी पगारासाठी होत नाही. कौन्सिलचा मुख्य अधिकारी मात्र नोकरी म्हणूनच येतो. त्याच्याकडे काय काय असतं ते वाईकरांनी लिहिलं नाही: अनाथ आणि धोक्यात असलेली मुलं, म्हाताऱ्यांची देखभाल, रस्ते, कचरा, घरं, शाळा. मोठ्या कौन्सिलात हजारो कर्मचारी. एवढ्या आकाराच्या खासगी कंपनीचा प्रमुख याच्या कितीतरी पट घेतो आणि त्याच्या गेटवर कोणी मोर्चा आणत नाही.

आणि पद नकोच म्हणणाऱ्यांसाठी: विल्टशर कौन्सिलने २०११ मध्ये चीफ एक्झिक्युटिव्हचं पदच रद्द केलं होतं, पैसे वाचवायला. पुढे ते परत आणावं लागलं.

खवचट_खारूताई · मंगळवार, रात्री १०:४१

नीट_मोजा ताई, 'चांगला पगार द्या म्हणजे चांगली माणसं येतील' हे गेल्या वीस वर्षांत प्रत्येक सल्लागार कंपनीने प्रत्येक कौन्सिलला ऐकवलंय. शेजारच्या कौन्सिलने दिले म्हणून यांनी दिले, यांनी दिले म्हणून त्याच्या पलीकडच्यांनी. सगळ्यांनाच सरासरीपेक्षा जरा वरचा माणूस हवा असतो, म्हणून सरासरी दरवर्षी वर जाते. हे गणित चौथीतल्या पोराला कळेल.

क्रॉयडनचं उदाहरण घ्या, लंडनचाच भाग. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या कौन्सिलने पैसे संपल्याची कायदेशीर नोटीस काढली, ती कलम ११४ वाली. त्याच्या थोडंच आधी गेलेल्या चीफ एक्झिक्युटिव्हला जाताना सुमारे ४ लाख ३७ हजार पौंड मिळाले होते. आता हा पगार म्हणायचा का? पगाराच्या आकड्यावर भांडत बसतो आपण, मोठी रक्कम मागच्या दाराने जाते.

वाईकर_विलायतेत · मंगळवार, रात्री ११:२०

खारूताई, नेमकं इथेच मी अडकलोय. जाताना द्यायच्या रकमेवर मर्यादा घालून पाहिली होती यांनी. ९५,००० पौंड. ४ नोव्हेंबर २०२० ला नियम लागू झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने तो मागे घेतला. जेमतेम तीन महिने जगला.

का, तर मोजणीत पेन्शनचा भार धरला होता. पंचावन्नच्या पुढच्या माणसाची नोकरी कपातीत गेली तर त्याला कमी न करता पेन्शन द्यावी लागते, आणि त्याचा खर्च कौन्सिलने पेन्शन फंडाला भरायचा असतो. हा खर्चही ९५ हजारांत मोजायचा होता. तीस-पस्तीस वर्षं एकाच कौन्सिलात काढलेली, मध्यम पगाराची ग्रंथपाल किंवा समाजसेविका त्यात अडकत होती. धरायचा होता मासा, जाळ्यात आली बेडकं. युनियन कोर्टात गेल्या, सरकारने सुनावणीची वाट न बघता नियम गुंडाळला.

आता मार्गदर्शक सूचना आहेत. करारात नसलेली खास रक्कम एक लाखाच्या वर द्यायची असेल तर पूर्ण सभेचं मत घ्या, २० हजार ते १ लाख असेल तर मुख्य अधिकाऱ्याने जातीने सही करा आणि कौन्सिलच्या लीडरची, म्हणजे सत्ताधारी गटाच्या नेत्याचीही मान्यता नोंदवा.

एल.ए.चा_बंडू · बुधवार, सकाळी ७:५०

या विषयावर धागा आणि बेलचं नाव नाही? अहो!

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला बेल नावाचं चिमुकलं शहर आहे. पस्तीस-छत्तीस हजार वस्ती, बहुतेक लॅटिनो, कष्टकरी. जुलै २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या जेफ गॉटलीब आणि रुबेन व्हाइव्हज या दोन बातमीदारांनी शोधून काढलं की तिथला मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो वर्षाला ७,८७,६३७ डॉलर घेतोय. पोलीसप्रमुख ४,५७,०००. अर्धवेळ नगरसेवक जवळजवळ लाखभर प्रत्येकी. भत्ते, सुट्ट्यांचे पैसे वगैरे धरून रिझोचा आकडा पंधरा लाखांपर्यंत जात होता. आणि त्या गरीब शहराचा मालमत्ता कराचा दर बेव्हर्ली हिल्सपेक्षा जास्त!

१९९३ मध्ये हा माणूस ७२ हजारांवर लागला होता. पुढे करारातच वर्षाला १२ टक्के वाढ लिहून घेतली. चक्रवाढीने काय होतं ते आपल्याला पतपेढीच्या कर्जामुळे चांगलं माहीत आहे.

आता वाईकरांच्या मुद्द्यावर येतो. कॅलिफोर्नियात साध्या शहरांच्या नगरसेवकांच्या मानधनावर राज्याच्या कायद्याची मर्यादा असते. पण स्वतःची सनद, म्हणजे कारभाराचे स्वतःचे नियम, असलेल्या शहरांना ती लागू नाही. बेलच्या लोकांनी २००५ मध्ये काय केलं? सनद स्वीकारायला एक खास निवडणूक घेतली. चारशेसुद्धा मतं पडली नाहीत. बाकीच्यांना पत्ताच नव्हता. मर्यादा होती, पण तिच्याखालून बाहेर पडायचं दार लोकांच्याच मतांनी उघडून घेतलं.

२०१३ मध्ये रिझोने ६९ आरोपांना आव्हान न देण्याची भूमिका घेतली, २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. बातमीला २०११ चं पुलित्झर मिळालं. नगरसेवकांना लोकांनी मार्च २०११ मध्ये मतदान करून पदावरून काढलं.

नीट_मोजा · बुधवार, सकाळी ९:१५

बंडू, बेल हा दरोडा होता. त्यावरून धोरण कसं ठरवणार?

एल.ए.चा_बंडू · बुधवार, सकाळी ९:४०

दरोडाच. पण कुलूप कुठलं बसवलं ते बघा की. राज्याच्या कंट्रोलरने सगळ्या शहरांना आणि काउंट्यांना पगाराचे आकडे द्यायला लावले, आज ते एका वेबसाइटवर कोणालाही शोधता येतात. २०११ मध्ये कायदा बदलला: बड्या अधिकाऱ्याचा पगार घाईघाईने बोलावलेल्या खास सभेत चर्चेला घेता येत नाही, नेहमीच्या सभेतच घ्यायचा, कार्यक्रमपत्रिका वेबसाइटवर लावून. आणि करार आपोआप वाढत असेल तर त्यातली पगारवाढ महागाईच्या वर जाता कामा नये. कमाल आकडा अजूनही नाही. मला वाटतं हे बरोबर केलं. चोरी पगाराच्या आकड्यातून झाली नव्हती, सभेच्या पद्धतीतून झाली होती.

कोपऱ्यातला · बुधवार, सकाळी १०:०२

एवढं करून शेवटी पकडलं पेपरवाल्यांनीच ना? ऑडिटर काय करत होते?

एल.ए.चा_बंडू · बुधवार, सकाळी १०:१०

तो वेगळा धागा होईल राव.

जोझीकर · बुधवार, दुपारी १:३०

कमाल आकडा हवा म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेकडे बघा. मी जोहान्सबर्गला नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे महापालिकांच्या हिशेबप्रणालीचं काम केलं आहे. इथे २५७ नगरसंस्था. प्रत्येकीचा म्युनिसिपल मॅनेजर आणि त्याच्या हाताखालचे थेट अधिकारी यांना कौन्सिलच नेमते, पण पगाराची वरची मर्यादा केंद्रीय मंत्री गॅझेटमध्ये जाहीर करतो. उत्पन्न, लोकसंख्या वगैरेंवरून नगरसंस्थेला गुण, गुणांवरून वर्ग, वर्गावरून किमान आणि कमाल. दूरच्या, गैरसोयीच्या गावाला वेगळा भत्ता. त्याच्या वर रक्कम दिली तर तो खर्च अनियमित धरतात आणि वसूल करावा लागतो. जास्त द्यायचंच असेल तर मंत्र्याकडे सवलत मागा.

बोनसचंही कोष्टक आहे, २००६ च्या नियमांत. कामगिरीचे गुण १३० ते १४९ टक्के असतील तर पगाराच्या ५ ते ९ टक्के, १५० च्या वर १० ते १४ टक्के. म्हणजे नुसतं ठरलेलं काम केलंत तर काही नाही. कागदावर इतकं देखणं कोष्टक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि निकाल? महालेखापरीक्षकांच्या अहवालात २०२२-२३ साली २५७ पैकी स्वच्छ शेरा मिळाला ३४ नगरसंस्थांना. आदल्या वर्षी ३८ होत्या, त्याच्या आदल्या वर्षी ४१. पगार मर्यादेत आहेत आणि नळाला पाणी नाही. हिशेब लिहायला पगारी वित्तप्रमुख असतो, तरी सल्लागार आणून हिशेब करून घेतात, हे लेखापरीक्षक वर्षानुवर्षं लिहितायत. पगारावर टोपण बसवलं, सल्लागारांच्या बिलावर कोण बसवणार?

खवचट_खारूताई · बुधवार, दुपारी २:०४

हे वाचून नीट_मोजा ताई म्हणणार, बघा, मर्यादा घातली म्हणून चांगली माणसं आली नाहीत. 😏

नीट_मोजा · बुधवार, दुपारी २:२०

म्हणणारच होते. पण जोझीकर, खरंच तसं आहे का?

जोझीकर · बुधवार, संध्याकाळी ६:४५

नाही, मला तसं वाटत नाही. इथले आकडे स्थानिक मानाने भरपूर आहेत, त्यासाठी रांग लागते. अडचण वेगळी आहे. मॅनेजरचा करार ठरावीक मुदतीचा, नव्या कौन्सिलच्या निवडणुकीनंतर फार तर दोन वर्षं पुढे जाणारा. कौन्सिल बदललं, आघाडी फुटली, की मॅनेजर जातो आणि 'कार्यवाहक' येतो. कार्यवाहकाला तीन महिन्यांची मुदत, फार तर आणखी तीन. असे एकामागून एक. त्या खुर्चीवर बसलेला माणूस सत्ताधारी गटाला दुखावेल कसा?

म्हणून पगारमर्यादेपेक्षा महत्त्वाचं कलम मला दुसरं वाटतं. २०११ च्या दुरुस्तीने म्युनिसिपल मॅनेजरला राजकीय पक्षात पद घ्यायला बंदी केली. २०१७ मध्ये घटना न्यायालयाने ती अख्खी दुरुस्ती रद्द ठरवली, कारण संसदेत ती चुकीच्या प्रक्रियेने मंजूर झाली होती. कामगार संघटनेनेच खटला भरला होता. मग २०२२ मध्ये पुन्हा कायदा केला आणि पक्षपदाची बंदी सगळ्या कर्मचाऱ्यांना लावली. त्यावर इथे जितका आरडाओरडा झाला तितका पगाराच्या गॅझेटवर कधी झालेला मी पाहिला नाही. त्यावरून कुठे दुखतं ते कळतं.

पर्थवाली_मावशी · बुधवार, रात्री ८:१५

आमच्याकडे मधला मार्ग आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नगरसंस्थांच्या सीईओंचा पगार एक स्वतंत्र लवाद ठरवतो, सॅलरीज अँड अलाउन्सेस ट्रिब्युनल. सगळ्या नगरसंस्थांची चार गटांत विभागणी, प्रत्येक गटाला किमान-कमाल. त्या पट्ट्यात नेमका आकडा कौन्सिलने ठरवायचा. लवादावर मंत्री बसत नाही आणि कौन्सिलरही नाही. साउथ ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून असंच सुरू केलं.

दोन गोष्टी बघून मला गंमत वाटते. एक, पट्टा जाहीर झाला की काही काळाने बरेच जण त्याच्या वरच्या टोकाशी दिसतात. हटनसाहेब म्हणाले तेच. दुसरी, मर्यादा फक्त सीईओला. त्याच्या खालच्या डायरेक्टरांना नाही. आणि वाळवंटातल्या शायरमध्ये, म्हणजे ग्रामीण नगरसंस्थेत, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तिथे एकटेपणाचा भत्ता वेगळा. तो मात्र हवाच, हे तिकडे राहिलेली कोणीही सांगेल.

लेखाबुवा · गुरुवार, सकाळी ६:१०

सर्वांना नमस्कार. मी नगरपरिषदेत लेखापाल होतो, आता निवृत्त. सगळे प्रतिसाद वाचले. आपल्याकडची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडे हा प्रश्नच काढून टाकलेला आहे. महापालिका आयुक्त राज्य सरकार नेमतं, त्यांचा पगार सरकारी वेतनश्रेणीने ठरतो, आणि तो जातो पालिकेच्या तिजोरीतून. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, यांचीही नेमणूक वरूनच. नगरसेवकांना आयुक्तांच्या पगारात एक रुपया कमी-जास्त करता येत नाही. सातव्या वेतन आयोगात केंद्राचा किमान पगार १८,००० आणि सचिवाचा २,२५,०००. भागून बघा, साडेबारा पट. आपल्या मुख्य सचिवांचाही तेवढाच. म्हणजे हटनसाहेबांनी तपासलेल्या विसापेक्षा आपण कितीतरी खाली. बहुतेक आयुक्त तर त्याच्याही खालच्या श्रेणीत असतात.

मग आपल्याकडे सगळं ठीक आहे का? ज्याने नगरपालिकेची बिलं तपासली आहेत त्याला विचारा. पगार बांधलेला, पण हातातून जाणारा पैसा केवढा. आणि पगाराने बांधता येत नाही म्हणून माणसाला बदलीने बांधतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव आला, १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. तरी राज्य सरकारने त्यांना मार्च २०१७ पर्यंत ठेवलं, आणि मग हलवलं. ठेवणारेही वरचे, हलवणारेही वरचे. ते चांगले की वाईट यात मी पडत नाही. मुद्दा एवढाच की निवडून दिलेल्या माणसांच्या हातात ना पगार, ना नेमणूक.

आणि मार्च २०२२ नंतर मुंबई-पुण्यात काही वर्षं निवडून दिलेली माणसंच नव्हती. आयुक्तच प्रशासक. अर्थसंकल्प मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच.

वाईकर_विलायतेत · गुरुवार, दुपारी १२:३५

लेखाबुवा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पण मग खालच्या लोकांचं काय? साडेबारा पट कागदावर आहे, पण झाडूवाल्याचं काय होतं?

लेखाबुवा · गुरुवार, संध्याकाळी ५:००

ती पट कायम नोकरीतल्यांची. आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगारांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, नाहीतर भरतीला परवानगी नाही, असं बंधन आहे. त्यामुळे जागा भरत नाहीत, सफाईचं काम ठेकेदाराला जातं. ठेक्याची रक्कम आस्थापनेत दिसत नाही, ती दुसऱ्या शीर्षाखाली पडते. कागदावर ३५ टक्के सांभाळले, झाडूवाला मात्र वेतनश्रेणीच्या बाहेर गेला. तुमच्या इंग्लंडच्या 'सगळ्यात खालच्या पगाराशी प्रमाण' या तक्त्यात ठेकेदाराची माणसं धरतात का, ते एकदा बघा.

ग्रामपंचायतीत तर त्याहून वाईट. कर्मचाऱ्यांच्या पगारातला सरकारी हिस्सा गावाच्या करवसुलीच्या टक्केवारीला बांधलेला. गावाने घरपट्टी भरली नाही, तर पगार कापला जाणार पाणी सोडणाऱ्या माणसाचा.

खवचट_खारूताई · गुरुवार, संध्याकाळी ५:४०

लेखाबुवांना दंडवत. हा सगळा धागा वरच्यांच्या पगारावर चाललाय आणि खालच्याला मोजण्यातून वगळलं की पट आपोआप सुंदर दिसते, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बर्मिंगहॅम यातच बुडालं ना? सप्टेंबर २०२३ मध्ये तीच पैसे संपल्याची नोटीस काढली तेव्हा समान वेतनाचं देणं ७६ कोटी पौंडांपर्यंत असल्याचं सांगितलं होतं. पुरुषांच्या कामांना, कचरा उचलणं वगैरे, वर्षानुवर्षं बोनस मिळत होता आणि त्याच दर्जाच्या बायकांच्या कामांना, स्वयंपाक, साफसफाई, देखभाल, मिळत नव्हता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकांच्या बाजूने निकाल दिला, त्यानंतर एक अब्जाहून जास्त पौंड वाटून झाले, तरी घोळ संपला नाही. युरोपातली सगळ्यात मोठी स्थानिक संस्था पगाराच्या घोळाने आडवी झाली, आणि तो घोळ साहेबाच्या पगाराचा नव्हताच.

नीट_मोजा · गुरुवार, संध्याकाळी ६:१२

खारूताई, बर्मिंगहॅमला फक्त तेवढंच कारण नव्हतं, नवी संगणकप्रणालीही प्रचंड महागात पडली. पण मुद्दा मान्य. आणि उलट माझ्याच बाजूचा पुरावा आहे तो: बायकांना बोनस मिळत नाही, पुढे कोर्टात जातील, हे ज्याला वेळेत दिसलं असतं आणि कौन्सिलरांना तोंडावर सांगता आलं असतं, अशा अधिकाऱ्याला मी तिप्पट पगार द्यायला तयार आहे.

कोपऱ्यातला · गुरुवार, संध्याकाळी ६:२०

आणि तोंडावर सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी बदली. 😂

वाईकर_विलायतेत · गुरुवार, रात्री १०:३०

लेखाबुवांच्या प्रश्नावरून आमच्या कौन्सिलचा कागद पुन्हा काढला. प्रमाण काढताना फक्त कौन्सिलचे स्वतःचे कर्मचारी धरलेत. कचरा कंपनीकडे आहे, वृद्धांची घरोघरची देखभाल एजन्सीकडे. ते लोक तक्त्यात नाहीत. आणि वरच्या बाजूने निवडणुकीचं मानधन तक्त्यात नाही. इथे चीफ एक्झिक्युटिव्ह बहुधा निवडणुकीचा रिटर्निंग ऑफिसरही असतो, त्याचे पैसे प्रत्येक निवडणुकीला वेगळे मिळतात.

या सगळ्यावरून माझं मत आता असं बनलंय. कमाल आकडा वरून बांधू नये. पण ठरवणाऱ्या सभेत फायदा होणारा माणूस बसलेला नसावा, हे मात्र लोखंडासारखं पक्कं हवं. वेल्समध्ये केअरफिलीला काय झालं बघा. २०१२ मध्ये बड्या अधिकाऱ्यांची पगारवाढ एका समितीत मंजूर झाली. सभेची नीट जाहिरात नाही, आणि प्रस्तावाचा अहवाल लिहिलेला होता खुद्द चीफ एक्झिक्युटिव्हने, ज्याचा पगार त्यातून वाढणार होता. लेखापरीक्षकाने २०१३ मध्ये निर्णय बेकायदा ठरवला. पुढे फौजदारी खटला टिकला नाही, पण चौकशी आणि निलंबन चाललं २०१९ पर्यंत, पूर्ण पगारावर. सगळं मिळून ६० लाख पौंडांहून जास्त खर्च. मूळ पगारवाढीपेक्षा कितीतरी पट!

यानंतर वेल्सने चीफ एक्झिक्युटिव्हचा पगार बदलताना बाहेरच्या स्वतंत्र पॅनलचं मत घेणं सुरू केलं (ते पॅनल २०२५ मध्ये बंद झालं). पर्थच्या मावशींच्या लवादाचं पातळ रूप म्हणा. मला ते आवडतं: आकडा कौन्सिलचा, पण बदलण्याआधी बाहेरच्याने बघितलेला, आणि ते मत जाहीर.

जोझीकर · गुरुवार, रात्री ११:१५

वाईकर, बाहेरचं पॅनल नेमणार कोण? आमच्याकडे तेही पक्षाच्या यादीतून येईल. वेल्समध्ये चाललं ते तिथे पॅनलला कोणी फोन करत नव्हतं म्हणून. जिथे फोन जातो तिथे मला मंत्र्याचं गॅझेट परवडलं. निदान आकडा छापलेला असतो आणि त्याच्या वर दिलं की लेखापरीक्षक बोट ठेवू शकतो. 'वाजवी होता की नव्हता' यावर त्याला वाद घालत बसावं लागत नाही.

पर्थवाली_मावशी · शुक्रवार, सकाळी ५:३०

जोझीकर +१. आमचा लवादही त्यामुळेच टिकलाय, की आकडा ठाम असतो.

लेखाबुवा · शुक्रवार, सकाळी ६:२५

जाहीर करण्याबद्दल एक राहिलं. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख), त्यातला दहावा मुद्दा: प्रत्येक अधिकाऱ्याचं आणि कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं. शिपायापासून आयुक्तापर्यंत. इंग्लंडात नाव दीड लाख पौंडांपासून पुढे छापतात, आपला कायदा त्याच्याही पुढे आहे. ज्याने त्याने आपापल्या पालिकेच्या वेबसाइटवर ही यादी शोधावी आणि ती कुठल्या वर्षाची आहे ते इथे लिहावं. ठेकेदाराकडची माणसं त्यात सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी ठेक्याच्या कराराची प्रत आणि हजेरीपत्रक मागणारा वेगळा अर्ज करावा लागतो. त्याचा मसुदा कोणाला हवा असेल तर सांगा, माझ्याकडे आहे.

खवचट_खारूताई · शुक्रवार, सकाळी ७:०२

बुवा, मसुदा इथेच टाका. सगळ्यांना लागेल.